मूळव्याध म्हणून अंगावर काढू नका

एका शाळेच्या कार्यालयात काम करणाऱ्या ४९ वर्षांच्या गृहस्थांना शौचावाटे रक्त जाऊ लागले, तेव्हा त्यांनी ते कोणालाही सांगितले नाही. कधी लाल ठिपके दिसत, कधी शेम पडे, तर कधी चार-आठ दिवस काहीच नसे. त्यांनी मनाशी निदान करून टाकले होते, मूळव्याध! जेवणातले तिखट कमी केले, रात्री इसबगोल घ्यायला सुरुवात केली, औषधांच्या दुकानातून एक मलम आणले. असे सात महिने गेले. मग एके दिवशी कपडे भिजवताना पत्नीच्या नजरेस डाग पडले.

‘‘अहो, हे रक्त कसलं?’’

‘‘काही नाही गं, मूळव्याध आहे. आमच्या घराण्यातच आहे ती. नानांनाही होती.’’

पत्नी ऐकणाऱ्यांपैकी नव्हती. दुसऱ्याच दिवशी ती त्यांना शल्यविशारदांकडे घेऊन गेली. सगळी हकिगत ऐकून घेतल्यावर डॉक्टरांनी विचारले, ‘‘वडील आहेत का?’’

‘‘नाहीत. ५८व्या वर्षी गेले. मूळव्याधीनेच गेले. शेवटी फार रक्त जायचं, पोट फुगलं होतं, अन्न जात नव्हतं.’’

डॉक्टर क्षणभर थांबले. ‘‘मूळव्याधीने माणूस असा खंगून जात नाही,’’ ते म्हणाले, ‘‘कुशीवर झोपा, आधी तपासू या.’’

हातमोजा घालून बोटाने केलेली ती तपासणी दोन मिनिटांत संपली. गुदाशयाच्या भिंतीवर एक कडक, खडबडीत गाठ बोटाला लागली होती. सात महिने जे कळले नव्हते, ते दोन मिनिटांत कळले.

शरीराच्या ज्या भागाचे नाव घ्यायलाही संकोच वाटतो, त्या भागाचा आजार असाच लपवला जातो. वेळीच लक्षात आला, तर हा कर्करोग बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. अडचण रोगाइतकीच लाजेचीही असते.

जागा शेजारच्या, रोग वेगळे

मोठ्या आतड्याचा शेवटचा १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. मल बाहेर पडण्यापूर्वी येथे साठतो. त्याच्या खाली तीन-चार सेंटिमीटर लांबीची गुदनलिका असते आणि ती गुदद्वारापाशी संपते. या नलिकेभोवती स्नायूंची दोन वर्तुळे असतात. मल व वायू रोखून धरण्याचे काम ती करतात. उपचारांच्या वेळी ‘स्नायू वाचवता येईल का?’ असा प्रश्न डॉक्टर एकमेकांना विचारतात, तो याच स्नायूंविषयी असतो.

गुदाशयाचे अस्तर ग्रंथींचे असते. तिथला कर्करोग बहुधा या ग्रंथींच्या पेशींतून सुरू होतो. गुदनलिकेच्या खालच्या भागाचे अस्तर मात्र त्वचेसारखे असते व तिथला कर्करोग त्या पेशींचा असतो. म्हणूनच दोन्ही जागा एकमेकींना लागून असल्या तरी उपचारांच्या वाटा वेगळ्या आहेत. गुदाशयाच्या कर्करोगात बहुतेकदा शस्त्रक्रियेला मुख्य स्थान असते, तर गुदनलिकेच्या कर्करोगात किरणोपचार आणि केमोथेरपी यांना.

रक्त दिसले की मूळव्याधच?

देशातील कोणत्याही रेल्वे स्थानकाजवळच्या भिंती पाहा. मूळव्याध, भगंदर विनाशस्त्रक्रिया बरे करण्याची हमी देणाऱ्या जाहिराती दिसतील. तपासणीविना असा इलाज करून घेण्यात सर्वांत मोठा धोका पैसे जाण्याचा नसून वेळ जाण्याचा आहे.

मूळव्याधीत साधारणपणे शौचानंतर ताजे लाल रक्त थेंब-थेंब पडते. कर्करोगात रक्त मलात मिसळलेले असू शकते, सोबत शेम पडते. आणखीही काही खुणा असतात. नेहमीची सवय बदलते. कधी बद्धकोष्ठ, तर कधी जुलाब होतात आणि हे काही आठवडे चालू राहते. जाऊन आले तरी पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, पुन्हा पुन्हा जावेसे वाटते. मल पूर्वीपेक्षा बारीक होतो. विनाकारण वजन घटते, थकवा येतो. पुरुषाच्या किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीच्या रक्तात लोह कमी आढळले, तर केवळ लोहाच्या गोळ्या देऊन थांबू नये, रक्त कुठे जाते आहे याचा शोध घ्यावा.

गुदनलिकेच्या कर्करोगात दुखणे, खाज, न भरणारी जखम, हाताला लागणारा उंचवटा किंवा जांघेत गाठ अशी लक्षणे असू शकतात. गुदाशयाच्या कर्करोगात मात्र सुरुवातीला दुखत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे काळजीचे नाही’ हा समज म्हणूनच घातक ठरतो.

वर दिलेल्या फरकांवरून घरच्या घरी निदान करू नये. एकाच माणसाला मूळव्याधही असू शकते आणि तिच्या वर गाठही. ‘हा म्हातारपणाचा रोग आहे’ असे समजूनही चालणार नाही. आपल्या देशात तिशी-चाळिशीतील रुग्णही आढळतात आणि तरुण वयामुळेच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

स्त्रियांची अडचण आणखी वेगळी असते. बाळंतपणानंतर मूळव्याध होतेच, असे धरून कित्येक जणी वर्षानुवर्षे गप्प बसतात. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्याचा संकोच असेल तर स्त्री डॉक्टरांची चौकशी करावी. तपासणीच्या वेळी परिचारिका किंवा घरातील स्त्री सोबत हवी, असे मोकळेपणाने सांगावे. तो रुग्णाचा हक्कच आहे.

तपासण्या कोणत्या?

पहिली तपासणी बोटाची. तिला यंत्र लागत नाही, भूल लागत नाही. रक्तस्रावाची तक्रार घेऊन गेल्यावर डॉक्टरांनी न तपासताच औषध लिहून दिले, तर ‘एकदा तपासता का?’ असे आपणच विचारावे. पुढे छोट्या नळीतून आतला भाग पाहतात. संशय आल्यास कोलोनोस्कोपी करतात. तीत लवचिक दुर्बीण घालून संपूर्ण मोठे आतडे पाहिले जाते, कारण खाली एक गाठ असताना वर दुसरीही असू शकते. आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे औषध घ्यावे लागते, हाच यातला त्रासाचा भाग. प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी गुंगीचे औषध देता येते.

गाठीचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच निदान पक्के होते. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही भीती निराधार आहे. त्यानंतर एमआरआयने गाठ भिंतीत किती खोल गेली आहे, आजूबाजूच्या लसिका ग्रंथींत आहे का आणि स्नायूंपासून किती दूर आहे, हे कळते. छाती व पोटाच्या सीटी स्कॅनने यकृत आणि फुप्फुसे पाहतात. सीईए नावाची रक्तचाचणीही करतात, पण तिच्यावरून निदान होत नाही. उपचारांनंतर लक्ष ठेवायला तिचा उपयोग होतो.

रोग कितपत पसरला आहे, त्यावरून त्याचे टप्पे ठरतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील डॉ. कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगाची अशी वर्गवारी मांडली. रोग भिंतीपुरता आहे, भिंतीबाहेर गेला आहे की ग्रंथींत पोचला आहे, हा तिचा पाया होता. आजची वर्गवारी अधिक बारकाईची असली तरी तिचा गाभा तोच आहे. जितक्या लवकर निदान, तितके कमी उपचार आणि तितकी जास्त आशा.

शंभर वर्षांतला पल्ला

१९०८ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी एक मोठी शस्त्रक्रिया वर्णन केली. पोटातून आणि खालून, अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय, गुदद्वार व आसपासच्या ग्रंथी काढून टाकायच्या आणि मलासाठी पोटावर कायमचा मार्ग करायचा. तिने अनेकांचे प्राण वाचवले, पण जवळजवळ प्रत्येक रुग्णाला स्नायू गमवावा लागे.

पुढे असे लक्षात आले, की रोग उलटतो तो बऱ्याचदा गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या आवरणात राहून गेलेल्या पेशींमुळे. इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील शल्यविशारद बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये हे आवरण न फाडता, अखंड, गुदाशयासकट बाहेर काढण्याची पद्धत मांडली. त्यामुळे त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण खूप खाली आले. शिवण घालणारी स्टेपलर यंत्रे आली आणि आतडे पुन्हा खाली जोडणे सोपे झाले. आज शस्त्रक्रिया दुर्बिणीतून किंवा रोबोच्या साहाय्यानेही होते, पण महत्त्व यंत्रापेक्षा शल्यविशारदाच्या अनुभवाला अधिक आहे.

गाठ भिंतीबाहेर गेली असेल किंवा ग्रंथींत पोचली असेल, तर बहुधा शस्त्रक्रियेआधी किरणोपचार देतात. कधी ते पाचच दिवसांचे असतात, तर कधी पाच-साडेपाच आठवडे केमोथेरपीच्या गोळ्यांबरोबर दिले जातात. अलीकडे अनेक रुग्णांना केमोथेरपीचा उरलेला भागही शस्त्रक्रियेपूर्वीच देतात. यामुळे गाठ आकसते आणि काही रुग्णांत ती दिसेनाशीही होते.

मग शस्त्रक्रिया करावीच का? हा प्रश्न ब्राझीलमधील साओ पावलो येथील डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी धीटपणे विचारला. २००४ मध्ये त्यांनी आपल्या रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. गाठ पूर्णपणे नाहीशी झालेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया न करता त्यांना कडक देखरेखीखाली ठेवले होते. आज निवडक रुग्णांसाठी हा मार्ग अनेक केंद्रांत स्वीकारला गेला आहे. मात्र काही जणांत गाठ पुन्हा वाढते, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे दर काही महिन्यांनी तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय चुकवून चालत नाही. ज्यांना येणे-जाणे जमणार नाही, त्यांनी या वाटेने जाऊ नये.

२०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातून आणखी एक बातमी आली. डोस्टारलिमॅब हे रोगप्रतिकारशक्तीला जागे करणारे औषध सहा महिने दिल्यावर पहिल्या १२ रुग्णांपैकी १२ जणांची गाठ नाहीशी झाली. ना शस्त्रक्रिया लागली, ना किरणोपचार. बातमी खरी आहे, पण ती सर्वांसाठी नाही. पेशींतील जनुकीय चुका दुरुस्त करणारी यंत्रणा ज्या गाठीत बिघडलेली असते, अशाच गाठींवर या औषधाचा असा परिणाम होतो. गुदाशयाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत असे पाच-दहाच असतात. आपली गाठ त्यांपैकी आहे का, हे काढलेल्या तुकड्यावरील चाचणीतून कळते. ही चाचणी उपचार ठरवण्यापूर्वीच करून मागावी.

गुदनलिकेचा कर्करोग

या कर्करोगासाठीही पूर्वी माइल्स यांचीच शस्त्रक्रिया होत असे. १९७४ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथील डॉ. नॉर्मन निग्रो यांनी शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र देऊन पाहिली. शस्त्रक्रियेच्या वेळी पाहतात, तर गाठीचा मागमूसही नाही! तेव्हापासून उपचारांची दिशाच बदलली. आज पाच-सहा आठवड्यांच्या या एकत्रित उपचाराने बहुतेक रुग्णांचा स्नायू वाचतो. येथे धीर धरावा लागतो. गाठ हळूहळू विरते व पूर्ण परिणाम दिसायला सहा महिनेही लागू शकतात. रोग उरला किंवा उलटला, तरच मोठ्या शस्त्रक्रियेचा विचार होतो.

दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगालाही तोच कारणीभूत आहे. तो शरीरसंबंधांतून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो, की आयुष्यात केव्हा ना केव्हा बहुतेकांना त्याचा संसर्ग होऊन जातो. म्हणून या रोगावरून कोणाच्या चारित्र्याचा हिशेब मांडणे चुकीचे आहे. अमेरिकन अभिनेत्री फॅरा फॉसेट यांना २००६ मध्ये या कर्करोगाचे निदान झाले. २००९ मध्ये मृत्यूपूर्वी काही आठवडे आपल्या आजारपणाचा माहितीपट त्यांनी दूरचित्रवाणीवर दाखवू दिला. ज्या अवयवाचे नाव वर्तमानपत्रे टाळत होती, त्याविषयी त्यामुळे उघड बोलले जाऊ लागले.

या विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वावॅक’ ही भारतीय लस २०२२ मध्ये मंजूर झाली. संसर्ग होण्यापूर्वी, म्हणजे वयाच्या नवव्या ते चौदाव्या वर्षांदरम्यान दिली तर तिचा सर्वाधिक उपयोग होतो. मुलामुलींच्या लसीविषयी बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. धूम्रपानानेही या कर्करोगाचा धोका वाढतो.

पोटावरच्या पिशवीची भीती

‘पिशवी लावावी लागेल’ हे शब्द ऐकून उपचार सोडून जाणारे रुग्ण असतात. पण पिशवी दर वेळी कायमची नसते. खाली जोडलेले आतडे भरून येईपर्यंत लहान आतड्याचा भाग काही महिन्यांपुरता पोटावर आणतात आणि नंतर आत ढकलून बंद करतात. गाठ स्नायूतच शिरली असेल, तर मात्र कायमची पिशवी हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

आजच्या पिशवीमागे एका बहिणीची माया आहे. डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेन्सेन यांच्या बहिणीला पोटावर असा मार्ग करावा लागला. वास येईल, गळेल, या भीतीने ती घराबाहेर पडेना. तेव्हा १९५४ मध्ये एलिसे यांनी कातडीला चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी पिशवी सुचवली. आज त्याच कल्पनेवर लक्षावधी माणसे नोकरी करतात, प्रवास करतात, आंघोळ करतात, लग्नकार्यात वावरतात. स्वयंपाक किंवा देवपूजा करायलाही आडकाठी नाही. कपड्यांखाली पिशवी आहे, हे दुसऱ्याला कळतही नाही. पिशवी कशी बदलावी, कातडीची काळजी कशी घ्यावी, हे शिकवणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका मोठ्या कर्करोग रुग्णालयांत असतात. मुंबईतील ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेत पिशवीसह जगणारी माणसेच नव्या रुग्णाला धीर देतात.

आतडे जोडले गेले, तरी सारे पूर्ववत होते असे नाही. गुदाशयाची साठवण कमी झाल्याने दिवसातून अनेकदा जावे लागते, कधी घाई होते. आहार, औषधे आणि स्नायूंचे व्यायाम यांनी एक-दोन वर्षांत बराच फरक पडतो. लैंगिक अडचणी व लघवीच्या तक्रारीही होऊ शकतात. ओटीपोटावरील किरणोपचारांनी स्त्रीबीजांडे निकामी होतात, पुरुषांच्या शुक्रजंतूंवरही परिणाम होतो. ज्यांना पुढे मूल हवे आहे, त्यांनी हे उपचारांपूर्वीच डॉक्टरांना सांगावे. मग वेळ निघून जाते.

खर्च आणि दुसरे मत

उपचारांची योजना शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ आणि केमोथेरपीतज्ज्ञ यांनी मिळून ठरवलेली असावी. ‘एमआरआय झाला का? आधी किरणोपचार लागतील का? स्नायू वाचेल का? पिशवी लागली तर किती दिवस?’ हे चार प्रश्न विचारावेत. मनात शंका असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात गैर काही नाही. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाच्या सेवेत आहे. पण प्रत्येकाने मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. देशभरातील अनेक कर्करोग केंद्रे आता राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमध्ये एकत्र जोडली गेली आहेत. पात्र कुटुंबांना आयुष्मान भारत योजनेतून आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या उपचारांना साहाय्य मिळते. रुग्णालयातील समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी चौकशी करावी.

घराण्याचा खरा इतिहास

गुदाशयातील कर्करोग बहुधा एका लहानशा कोंबातून, पॉलिपमधून वाढतो. त्याला सहसा दहाएक वर्षे लागतात. याच काळात कोलोनोस्कोपी करून पॉलिप काढून टाकला, तर कर्करोग होण्याआधीच टळतो. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा रोग झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातलगाला ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर असेल तेव्हा तपासणी करून घ्यावी. तंतुमय आहार, रोजचे चालणे, आटोक्यातले वजन, दारू-तंबाखूला नकार, प्रक्रिया केलेले मांस टाळणे, यांनी धोका कमी होतो. पण घराण्यात रोग असेल, तर एवढ्यावर विसंबून राहू नये.

त्या गृहस्थांची गाठ गुदद्वारापासून सहा सेंटिमीटरवर होती. आधी किरणोपचार आणि केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया झाली. तीन महिने पोटावर पिशवी होती, नंतर ती निघाली. आज ते कामावर जातात. सकाळी घरातून निघायला त्यांना पूर्वीपेक्षा तासभर जास्त लागतो, एवढेच.

रुग्णालयातून घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली, ती धाकट्या भावाला बोलावून घेण्याची. ‘‘नानांना मूळव्याध नव्हती रे,’’ ते म्हणाले, ‘‘तू तपासून घे.’’ भाऊ ४३ वर्षांचा, धडधाकट. त्याला कसलाच त्रास नव्हता. ‘‘दादा, मला काय झालंय?’’ म्हणून त्याने दोन महिने टाळाटाळ केली. शेवटी वहिनीनेच तारीख ठरवली. कोलोनोस्कोपीत दोन पॉलिप सापडले आणि त्याच वेळी काढून टाकले गेले. दुपारी तो घरी येऊन जेवला.

थोरल्याचा मुलगा आता २१ वर्षांचा आहे. त्याने ३९व्या वर्षी तपासणी करून घ्यायची, हे त्याच्या आईने घरच्या औषधांच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. त्याखाली नानांचे नाव आहे आणि त्यासमोर आजार लिहिला आहे : मूळव्याध नव्हे, बहुधा आतड्याचा कर्करोग.